पंचाची छत्री

शेजारच्या वाडीत बकरी शिरली होती आणि वांगी खात होती. आमचे घरमालक ओट्यावर खुर्ची टाकून ते पाहत बसले होते. बकरीचं पोट भरलं, ती आल्या वाटेनं निघून गेली. संध्याकाळी शेजारी भांडायला आला.

"पेशकारभाऊ, बकरी माहे वांगे खाऊन राह्यली होती आन तुमी पाहून राह्यले होते म्हंते!"

"होतो ना," घरमालक म्हणाले. "डाव्या कानावर पांढरा ठिपका हाय तिच्या. विहिरीकडून, कुंपनाच्या खालून शिरली. पह्यले कोवळी पानं खाल्ली, मंग वांग्याले तोंड लावलं. कोनाची हाय थे बी सांगतो. म्हनशीन त पंचायतीत येऊन सांगतो."

"मंग हाकलली काऊन नाई?"

घरमालकांनी त्याच्याकडं असं पाहिलं, जणू त्यानं त्यांना भर कोर्टात झाडू मारायला सांगितलं होतं.

"हाकलनं माहं काम नोहोय. आपन पाह्यलं. बस."

आतून काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला, "याइच्यापेक्षा भितीवरची पाल बरी! थे पाहते, पन किडे त खाते!"

मूल या गावाच्या पलीकडं, धानाच्या बांध्या आणि सागाचं जंगल यांच्या मध्ये वसलेल्या त्या गावात मी मास्तर म्हणून गेलो, तेव्हा मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, जाऊन थोडेच दिवस झाले होते. गावच्या मालगुजाराचे तलाव आणि जंगल सरकारजमा झालं होतं, मिशी मात्र अजून झाली नव्हती. राहायला जागा मिळाली ती पेशकारभाऊंच्या घरामागच्या दोन खोल्यांत. ते चांद्याच्या कोर्टात पेशकार होते. मॅजिस्ट्रेटच्या शेजारी बसून कागद पुढं सरकवण्यात आणि पुढचा खटला पुकारण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त होऊन गावी आले ते काळा कोट, काळी छत्री आणि लाकडी हातांची एक खुर्ची घेऊन. ही खुर्ची कोर्टातल्या जुन्या सामानाच्या लिलावात घेतलेली होती. तिच्यावर कोण कोण बसून गेलं याची यादी ते सांगत. स्वतः त्या खुर्चीवर बसताना मात्र ते कोटाची बटणं लावत. घरच्या ओट्यावर, मे महिन्यात, चांद्याच्या उन्हात.

"न्याय करनारे बदलत गेले, मास्तर," ते म्हणत. "पाहनारा मी एकच."

हे वाक्य ते इतक्या गांभीर्यानं म्हणत की ऐकणाऱ्याला उठून नमस्कार करावासा वाटे. मीही पहिल्यांदा जवळजवळ केला होता. नंतर एके दिवशी मी चुलीवर खिचडी ठेवून वाचत बसलो होतो. ते माझ्या दारात आले, बराच वेळ उभे राहिले, आणि मग अतिशय कळवळून म्हणाले, "करपून राह्यली होती." त्या दिवसापासून त्यांच्या तत्त्वज्ञानाबद्दलचा माझा आदर खिचडीच्या तळासारखा झाला.

त्यांना वेदान्ताचा नाद होता. माणसानं साक्षीभावानं राहावं, कर्तेपण हा भ्रम आहे, वगैरे. पुष्कळ लोक हे बोलतात आणि संध्याकाळी दुकानदाराशी हुज्जत घालतात. यांचं तसं नव्हतं, त्यांनी ते खरोखर पाळलं होतं. काकूंनी दूध तापत ठेवून "लक्ष ठेवजा" म्हटलं तर ते लक्ष ठेवत आणि दूध उतू गेल्याचं नेमकं सांगत. कोणी मुलीच्या स्थळाची चौकशी करायला आला तर त्या घराबद्दल दिसलेलं सगळं सांगत, बरंही आणि वाईटही. तो विचारी, "मंग देऊ का पोरगी?" की हे म्हणत, "थे तू पाह्य." गेलेल्या माणसानं पुन्हा येऊन शिव्या दिल्याचं मात्र मी कधी पाहिलं नाही. उलट गावात त्यांचा मान होता. कोणाचीच बाजू न घेणारा माणूस सगळ्यांना आपल्या बाजूचा वाटतो.

आपल्या पाहण्यानं कोणाचं काही होत नाही यावर त्यांचा गाढ विश्वास होता. "पाहनाऱ्याचं काय जाते, आन ज्याले पाह्यलं त्याचंबी काय जाते?" मी पाठीमागच्या खोलीत राहत होतो, त्यामुळे मला वेगळं दिसे. मोहाची पिऊन येणारी मंडळी त्या ओट्यासमोरून येतच नसत, मागच्या बोळातून, माझ्या खिडकीखालून, गात जात. जंगलातून चोरून आणलेली लाकडंही तिकडूनच जात. सुना त्या खुर्चीच्या बऱ्याच आधी पदर सावरत. जंगलखात्याचा नाकेदार पान खाल्ल्यावर पैसे देतो हे दृश्य अख्ख्या गावात फक्त समोरच्या पानठेल्यावर दिसे. त्या एका खुर्चीनं गावाचा पुढचा रस्ता सुधारला होता आणि मागचा बिघडवला होता. पण हे त्यांना सांगण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. मला ते करमणुकीचे वाटत. मूलहून, चांद्याहून कोणी ओळखीचे आले आणि यांची वकिली थाटातली बकऱ्यांबद्दलची साक्ष त्यांच्या कानावर पडली, की मी ओशाळून जाई आणि पाहुण्यांना डोळ्यांनी खुणावी: मी यांच्यातला नव्हे. दुसऱ्याच्या वतीनं लाजणं ही फार आरामाची खुर्ची असते. तिला लाकडी हात नसतात, पण ती लिलावातही जात नाही.

त्यांच्या या वेडाला वर्षातून एकदा सरकारी थाट येई, तो शंकरपटात. धान निघून बांध्या कोरड्या झाल्या की आमच्याकडं गावोगाव पट भरतो, म्हणजे बैलांच्या जोड्यांची शर्यत. शेजारी शेजारी दोन लांब सरळ वाटा आखायच्या, दोन हलक्या गाड्या एकदम सोडायच्या, ज्याचे बैल शेवटची चुन्याची रेघ आधी ओलांडतील तो जिंकला. बैल असे येतात की पापणी लवेपर्यंत निकाल होऊन जातो. म्हणून रेघेजवळ एक पंच उभा असतो. त्याला दिसेल ते खरं. इतर गावांत पंचाला रात्री घरी जाताना सोबत लागे. आमच्या गावात कैक वर्षं पेशकारभाऊ पंच होते आणि एकदाही तंटा झाला नव्हता.

त्या दिवशी ते तंबाखू खात नसत. सागाचा एक ओंडका रेघेच्या टोकाला आणून ठेवलेला असे, त्यावर कोट घालून उभे राहत. प्रत्येक जोडीआधी पितळी लोट्यातलं गार पाणी डोळ्यांना लावत, धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत, मग हात वर करत. पोरं या सगळ्याची नक्कल करत. मी पोरांना रागवत असे, कारण नक्कल फार हुबेहूब असे.

मी सांगतो आहे त्या वर्षी शेवटच्या फेरीत दोन जोड्या उरल्या. एक मालगुजाराची. दुसरी भागरताबाईची.

भागरताबाई गावच्या खालच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, राहायची. नवरा बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात कामाला लागला होता आणि सणावारी येई. शेती ती आणि तिचा दीर करत. तिच्या जोडीतला उजवा बैल कोशाच्या रेशमाच्या रंगाचा, म्हणून त्याचं नावच कोशा. त्याची माय तो आठवड्याचा असताना गेली आणि हिनं त्याला तांदळाची पेज पाजून वाढवला. गावात म्हणत की भागरताबाई नवऱ्याला दोन शब्दांत निरोप धाडते आणि बैलाशी तासभर बोलते. तिला कोणी हे तोंडावर म्हटलं तर ती म्हणे, "बैल आयकते."

दुपार कलली होती. जोड्या सुटल्या. आरडाओरड झाली, धूळ उठली. मी गर्दीत होतो, फुटाणे खात. भागरताबाईची जोडी पुढं होती, हे सगळ्यांना दिसत होतं. गाडीवर तिचा दीर उभा होता. रेघ हाताच्या अंतरावर आली आणि कोशा एकाएकी बुजला. मान टाकली, आत दबला, गाडी तिरकी होऊन वाटेकडेच्या बांबूवर आदळली. दीर खाली पडला, त्याचा गुडघा फुटला. मालगुजाराची जोडी सरळ निघून गेली. ओंडक्यावरून पेशकारभाऊंचा हात मालगुजाराच्या बाजूनं वर गेला. निकाल बरोबर होता. कोणालाही विचारा.

पटात हरणं कोणी फार मनाला लावून घेत नाही, पण बुजणं वेगळं. बुजणारा बैल शेजारच्या वाटेत शिरतो, माणसं मारतो, म्हणून बुजरा असं नाव पडलेल्या बैलाच्या शेजारी कोणी आपली जोडी सोडत नाही. त्याला गाडीला जुंपायलाही लोक कचरतात. मग त्याची वाट एकच उरते. दिरानं गुडघ्यावर हळद बांधता बांधता सर्वांसमोर सांगून टाकलं, "येत्या बाजारी इकतो याले. खाटीक घेवो का कोनी घेवो." भागरताबाई बैलाच्या पाठीवरची धूळ झटकत होती.

त्या संध्याकाळी पेशकारभाऊ खुर्चीत बसले नाहीत. ओट्याच्या पायरीवर बसले, कोटाची बटणं उघडी. मी शेजारून जात होतो तर म्हणाले, "मास्तर, त्या बैलानं मले पाह्यलं."

"पाहणारच. तुम्ही ओंडक्यावर उभे होता."

"तसं नाई. ऊन डोळ्यावर येऊन राह्यलं होतं. रेघ साजरी दिसाव म्हनून मी छत्री उघडली. खट् करून. थो तिकडून येऊन राह्यला होता, त्यानं मान वर केली आन माह्याकडं पाह्यलं. मंग बुजला."

मी त्यांच्याकडं पाहत राहिलो. त्यांचा चेहरा सांगत होता की इतकी वर्षं पाहूनही आपल्यालाही कोणी पाहू शकतं हे त्यांच्या गावी नव्हतं.

"पण निकाल बरोबर दिलात तुम्ही," मी म्हणालो.

"निकाल बरोबरच हाय," ते म्हणाले. "थेच त."

मग त्यांनी विचारलं, "तुमी होते ना तिथी? तुमाले छत्री दिसली का?"

मी म्हणालो, मी बैल पाहत होतो. आणि ते खरं होतं. मला छत्री दिसली नव्हती, शपथेवर सांगू शकलो असतो. अजूनही सांगू शकतो. हे खरं असणं मला पुढं फारसं उपयोगी पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खालच्या टोलीत गेले. मला सोबत नेलं, बहुधा साक्षीदार म्हणून. सवय. भागरताबाई अंगणात लाखोरीची डाळ पाखडत होती. यांनी पेशकारी थाटात, मान ताठ ठेवून, सगळी हकीकत सांगितली. ऊन कुठून येत होतं इथपासून. ती सूप हलवत होती. हकीकत संपली तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं.

"तवा काऊन नाई बोलले?"

"मले कोनी इचारलं नाई."

"पंचाले इचारा लागते का, भाऊ?"

हे सुपाकडं पाहू लागले.

"कोंबडी कोल्ह्यानं नेली त पोरगं बी सांगते मायले, कोनी नाई इचारलं तरी," ती म्हणाली. मग तिला त्यांची दया आली असावी, कारण ती हसली. "आता माह्या बैलाची वकिली करून राह्यले का? फीस काय घेसान? पेज चालन?"

त्यांना थट्टा कळत नसे. ते म्हणाले, "फीस नोको."

"मले सांगून काय फायदा हाय? मले ठाव हाय माहा बैल कसा हाय थो. जिथी हात वर केला तिथी सांगा. बाजार बुधवारी हाय. त्याच्या पह्यले सांगा."

त्यांनी सांगितलं. मालगुजाराच्या छपरीत पटाची मंडळी हिशोब मिटवायला जमली होती, तिथं उभं राहून सांगितलं. मी दाराशी होतो. आधी सगळे आदरानं ऐकत होते, मग हळूहळू एकमेकांकडं पाहू लागले.

"पेशकारभाऊ, निकाल त तुमीच देल्ला," मालगुजार म्हणाले.

"निकाल बदलून नाई राह्यलो. थो बरोबर हाय. बैल कायनं बुजला थे सांगून राह्यलो."

"पंचाचं काम निकाल देनं. कायनं बुजला, कायनं नाई, थे बैल जाने."

"मी बी जानतो. मी तिथी होतो."

"आमी बी होतो ना! कोनाले दिसली का रे छत्री?"

कोणाला दिसली नव्हती. तीनचारशे माणसांत एकालाही नाही. आता वाटतं, काहींना नक्की दिसली असेल. पण जिंकलेली जोडी मालगुजाराची होती, आणि मघाशी सांगितलं तसं, मिशी अजून शाबूत होती. मागून कोणीतरी हळू म्हणालं, "भाऊ सकायी खालच्या टोलीत गेल्ते म्हंते," आणि छपरीत हसू पिकलं.

या माणसाची कोणतीही साक्ष गावानं आजवर नाकारली नव्हती. बकरीच्या कानावरचा ठिपकासुद्धा मान्य झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्या साक्षीत स्वतःला घातलं, आणि त्याच क्षणी ते साक्षीदार उरले नाहीत. ते छपरीतून बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. वाटेत मला म्हणाले, "मास्तर, मी तिच्याकडं पाह्यलं बी नाई." मला हसू आवरेना, आणि हसू आल्याची इतकी शरम वाटली की मी चपलेत खडा गेल्याचं निमित्त करून मागं राहिलो.

गावात कुजबूज पोचायला वेळ लागत नाही. काकूंनी ती पाणी भरता भरता ऐकली. घागर ठेवून त्या ओट्यावर आल्या आणि रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "यानं लगन झाल्यापासून माह्याकडं कधी नजर भरून पाह्यलं नाई. तिच्याकडं काय पाह्यते हा!" ही त्यांची नवऱ्याच्या बाजूची एकमेव साक्ष. तिनं कुजबूज थांबली. मग त्या आत गेल्या, आणि जेवायला वाढताना त्यांनी हळू आवाजात जे विचारलं ते भिंतीपलीकडं मला ऐकू आलं. "तुमी खरंच छत्री उघडली?" हे म्हणाले, "हो." त्या म्हणाल्या, "मंग गप नोका बसू. लई बसले."

बुधवारच्या बाजाराच्या आदल्या दिवशी शेजारच्या गावी पट होता. तिथं यांना कोणी बोलावलं नव्हतं. तिथले पंच दुसरे होते. भागरताबाई जोडी घेऊन आली होती, पण जोड्या लावणाऱ्यांनी तिचं नाव घ्यायला नकार दिला होता. "बाई, तुहा बैल बुजरा हाय. कोनी शेजारी येत नाई." ती बाजूला उभी होती, बैलांच्या मध्ये. दीर गुडघा बांधून गाडीवर बसला होता. बाजाराची वाट त्याच गावावरून जात होती, बैल तसाच पुढं नेऊन विकता येणार होता, त्यामुळे तो आल्याचं सार्थक होणारच होतं.

फेऱ्या सुरू व्हायच्या आधी पेशकारभाऊ गर्दीतून निघाले आणि रेघेपाशी जाऊन उभे राहिले. ओंडका नव्हता, जमिनीवरच. काळा कोट, सगळी बटणं लावलेली. त्यांनी छत्री उघडली. त्या खट् आवाजानं जवळच्या एका गाडीचा बैल दोन पावलं मागं सरला. हे मी पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं.

"सोडा," ते म्हणाले. आवाज कापत होता. खटला पुकारणारा त्यांचा कोर्टातला आवाज कधीच कापत नसे असं ते सांगत. "कोनतीबी जोडी सोडा. मी इथी छत्री घेऊन उभा हाओ. नाई बुजली त मी खोटा. सोडा ना."

कोणी जागचं हललं नाही.

"मालगुजारसायेब, तुमची सोडा."

मालगुजार म्हणाले, "माही जोडी तमाशाची नोहोय." त्यांचा गाडीवाला बैलाच्या शिंगाला तेल लावायला लागला. ते आधीच चकाकत होतं. दुसरे गाडीवाले जू तपासायला लागले, कासरे तपासायला लागले. एवढ्या जोड्या उभ्या होत्या आणि एकानंही आपली जोडी त्या उघड्या छत्रीसमोर सोडली नाही. छत्रीनं बैल बुजतो हे ठाऊक नसतं तर कोणीही हसत हसत सोडली असती. आमच्या साऱ्यांची साक्ष तिथं झाली होती, फक्त तोंडानं कोणी दिली नाही. मी आजूबाजूला पाहिलं. सगळे जमिनीकडं पाहत होते. मीही पाहू लागलो. धानाची खुंटं होती, त्यांत पाहण्यासारखं काही नव्हतं.

"माही सोडतो," भागरताबाई म्हणाली.

दीर म्हणाला, "वहिनी, माहा गुडघा..."

"मंग उतर. मी बसतो."

तो उतरला नाही. शिव्या देत उभा राहिला, कासरे हातात घेतले. जोडी मागं नेईपर्यंत ती पुटपुटत राहिली, बैलाशीच बहुधा. मग ओरडून पेशकारभाऊंना म्हणाली, "भाऊ, छत्री उघडीच ठिवा! बुजला त बुजू द्या. सगळे पाह्यतीन कायनं बुजते थे!"

हे सगळं पुढं कसं गेलं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला बैलाची काळजी नको. कोशा बाजारात गेला नाही. त्याच दिवशी उशिरा, कोणाकडंही न पाहता, जोड्या लावणारा म्हणाला, "बाईची जोडी घ्या रे," आणि एक जोडी तिच्या शेजारी आली. ती शर्यत भागरताबाई हरली. बैल बुजला म्हणून नव्हे, हळू पळाला म्हणून. हरल्यावर इतकी खूश झालेली बाई मी पुन्हा पाहिली नाही. पुढं काही वर्षं तो बैल तिच्याकडंच होता. पेशकारभाऊंना पंच म्हणून त्यानंतर कोणी बोलावलं नाही. खुर्ची ओट्यावर राहिली, पण ते तिच्यात बसले की फार वेळ बसत नसत. बकरी दिसली की उठून हाड् हाड् करत. ते त्यांना नीट जमत नसे, बकऱ्या त्यांच्याकडं पाहत उभ्या राहत. छत्री त्यांनी सोडून दिली. चांद्याच्या उन्हात भर दुपारी डोक्यावर पंचा टाकून ते जाताना दिसत, आणि नवीन माणूस मला विचारी, हे कोण? मी सांगत असे, माझे घरमालक. पुढं काही सांगत नसे.

तर, जोडी सुटली. एकटीच होती, पण लोक ओरडले नाहीत. नुसता चाकांचा आवाज येत होता. रेघेपाशी ते उभे होते, छत्री उघडी, डोक्यावर नव्हे, अंगापुढं धरलेली, ढालीसारखी. बैल जवळ येऊ लागले. मी या वेळी बैलांकडं पाहिलं नाही, त्यांच्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे कोशावर होते. आणि कोशानं मान वर केली, असं मला वाटतं. शपथेवर सांगणार नाही.

त्यांनी छत्री मिटली.

झटकन् नव्हे. म्हाताऱ्या हातांनी, कळ सापडेपर्यंत एकदा चुकून, पण मिटली, आणि पाठीमागं धरली. कोशा सरळ आला आणि रेघ ओलांडून गेला. गाडी त्यांच्या कोटाला लागेल इतक्या जवळून गेली. ते हलले नाहीत.

लोकांत एकदम गलका झाला. "ओ भाऊ, हे काय! छत्री काऊन मिटली?" मालगुजार ओरडले, "याच्यात काय सिद्ध झालं? छत्रीच मिटली त बैल कायले बुजन?" कोणी हसलं. भागरताबाई धावत आली, आधी बैलाकडं गेली, मग यांच्याकडं वळली. तिचाही चेहरा रागावलेला होता. "उघडी ठिवा म्हनलं होतं ना, भाऊ. काऊन मिटली?"

पेशकारभाऊंनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं. मग ते पायाखालच्या चुन्याच्या रेघेकडं पाहू लागले. चाकानं ती एका जागी पुसली होती. ते बोलले ते इतकं हळू की जवळच्या चारपाच जणांनाच ऐकू आलं.

"तवाबी मिटता आली असती," ते म्हणाले.

तेवढ्यात पलीकडच्या टोकाला नव्या जोड्या उभ्या राहिल्या, कोणीतरी हाळी दिली, आणि आम्ही सगळे तिकडं पाहायला लागलो.